कळमेश्वरकडे फार्महाऊसवर दोन घोड्या ठेवायच्या आहेत, काळ्या मातीचं काय करावं?

प्रश्न (दोन_एकर)
जमीन पक्की काळी, पावसाळ्यात गाडी रुतते. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून दोन मारवाडी घोड्या आणायचा विचार आहे. तबेला केवढा लागेल आणि मोकळ्या जागेत काय टाकू? काटेरी तारेचं कुंपण आधीच आहे, गाईंचं खाद्यही घरात असतं.

खरारा
आधी जमीन, मग तबेला. घोड्या जिथं उभ्या राहतील तिथली वरची सहा इंच माती काढा, नऊ इंच कडक मुरूम टाका, पाणी मारून रोलर फिरवा. उतार पन्नास फुटाला एक फूट आणि कडेनं चर. हे मृगाच्या आधी झालं पाहिजे, ओल्या मातीवर टाकलेला मुरूम पहिल्या झडीतच खाली जातो. सतत चिखलात उभं राहिलं की खुराची पुतळी (तळव्याचा मऊ त्रिकोणी भाग) सडते, काळा घाण वास येतो. वर वाळू टाकणार असाल तर चारा जमिनीवर टाकू नका. वाळू पोटात साचून पोटशूळ होतो. गव्हाण हवीच.

पागा_नागपूर
प्रत्येकीला बारा बाय बारा फूट खोली आणि छत निदान बारा फुटांवर. तबेल्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, नाहीतर मे महिन्यात चारचं ऊन थेट आत येतं. पत्र्याखाली तट्ट्या लावा. कूलर मेमध्ये कामाचा, पण पाऊस लागला की तो नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा पंखेच बरे. पाणी एरवी दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याच्या दीडपट धरा. पाण्याजवळ मिठाचा खडा ठेवा.

दोन_एकर
आणि चारा? आपल्याकडं कुटार (भुसा) भरपूर आहे.

खरारा
कुटार बैलांना ठेवा भाऊ. घोड्याच्या आतड्यात त्याचा गोळा अडकतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला सुकं गवत रोज सहा-सात किलो, तेही तीन-चार वेळा विभागून. धान्य वाढवायचं तर आठवडाभर हळूहळू. कोवळी ज्वारी अजिबात नको, तिच्यात सायनाइड असतं.
गाईंचं तयार खाद्य वेगळ्या खोलीत कुलपात ठेवा. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते घोड्याला थोडंही जीवघेणं.

पागा_नागपूर
तार काढाच. घोडा बिचकला की तारेतूनच निघतो आणि पाय कापून घेतो. साडेचार फुटांची लाकडी किंवा पाइपची आडवी तीन पट्ट्यांची कुंपणं करा. गेटजवळ शोभेची कण्हेर असेल तर मुळासकट उपटा, मूठभर पानंही जिवावर बेततात. छाटलेल्या फांद्या तर जास्त धोक्याच्या, सुकल्यावरही विष तसंच राहतं.
सारंगखेड्यात सौदा करण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून घ्या. तो माणसालाही होतो. पावसाळ्यात गोमाशांमुळं सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) येतो: ताप चढतो-उतरतो, पाय-पोटाखाली सूज, घोडी झडत जाते. तेव्हा नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रक्त दाखवा, अंदाजानं इंजेक्शन नको. नालबंद आधी ठरवून ठेवा, सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापावंच लागतं.