पेज बंद आणि डाएट बिस्किटं चालू, हे बरोबर चाललंय का?

कर्लीकाठ:
मे महिन्यात मालवणला माहेरी होते. सकाळी दहाच्या सुमाराला आईने उकड्या तांदळाची पेज वाढली, सोबत लोणचं आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. वहिनी म्हणाली, "माका पेज नको, माजा डाएट आसा," आणि डब्यातून चार डायजेस्टिव्ह बिस्किटं काढून चहात बुडवून खाल्ली. मला राहवेना, पाकीट उलटं करून वाचलं. घटकांत पहिला मैदा, मग पामतेल, मग साखर, आणि ज्याच्यासाठी पाकिटावर गव्हाच्या लोंब्या छापल्यात तो कोंडा पार मागे. 100 ग्रॅमला 480 कॅलरी. आईच्या काट्यावर चार बिस्किटं भरली 48 ग्रॅम, म्हणजे 230 कॅलरी झाल्या. पेजेला आई माणशी एक मूठ तांदूळ वैरते, 40 ग्रॅम धरा, त्याच्या झाल्या 140, आणि वर पेजेने दीडपर्यंत भूक लागत नाही. बिस्किटं खाऊन वहिनी साडेअकराला परत डब्याशी. माझं म्हणणं एवढंच की डाएट हा शब्द पाकिटावर छापला म्हणून ते डाएट होत नाही, आणि आपलं घरचं अन्न उगाच गुन्हेगार ठरवू नका.

देवगडचा_बाबू:
ताई, बिस्किटांचं पटलं, पण तांदळाची वकिली नको. आपल्याकडे सकाळी पेज, दुपारी भात, रात्री परत भात, मधे घावणे आणि आंबोळ्या, त्यापण तांदळाच्याच. मी लो कार्ब केलं, भात पोळी साखर सगळं बंद, अंडी मासे भाज्या चालू, चार महिन्यांत 9 किलो उतरलं, पहिल्या आठवड्यातच अडीच किलो. गुडघे दुखायचे थांबले. मग कोणी कितीही म्हणो की हे फॅड आहे, मी माझ्या अंगावर बघितलंय.

सिस्टर_गुहागर:
दादा, 9 किलो उतरवलंत त्याबद्दल मनापासून अभिनंदन, पण पहिल्या आठवड्याचे अडीच किलो बहुतेक पाणी होतं. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, भात बंद झाला की तो साठा आणि पाणी दोन्ही जातं. पुढचं उतरलं ते एकूण खाणं कमी झालं म्हणून. अमेरिकेत स्टॅनफर्डला 609 जणांवर वर्षभर अभ्यास झाला, 2018 साली छापून आला, निम्म्यांना कमी चरबीचा आहार आणि निम्म्यांना कमी कार्बचा. वर्षाने एका गटाचं सरासरी वजन 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही. आणि कीटो म्हणून जे अगदी कमी कार्बचं डाएट चालतं ते मुळात 1920 च्या दशकात फिट येणाऱ्या मुलांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू झालं होतं.

पण कर्लीकाठ ताई, घरचं आहे म्हणून मोकळीक असंही नाही. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, आणि त्यातली चरबी बहुतेक सॅच्युरेटेड, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी. वाटपात अख्खी कवड (अर्धा नारळ), सोलकढीत दुसरी, वर रवा लावून तळलेली सुरमई, मग भाताचा डोंगर! पेजेचा दोष नाही, दुपारच्या ताटाचा आहे.

चिपळूणकर_७२:
तुम्ही सगळे काय खायचं यावर भांडताय, किती वेळा खायचं ते कोण बघणार? माझ्या वडिलांना डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत लागू पडली, मुळात ती डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना. कडक भूक लागेल तेव्हा दिवसात दोनदा जेवायचं, 55 मिनिटांत संपवायचं, मधे तोंडात काही नाही, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. बाबा भात खातात, मासे खातात, फक्त चार वाजताचा चहा आणि फरसाण गेलं, वजन सात किलो उतरलं. कोकणात घरोघर पाहुणचाराच्या नावाखाली दिवसभर तोंड चालू असतं. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं खा, तूप खा, आपल्या भागातलं खा. त्यांचं आपल्या भागातलं खायचं मला पटतं, पण सारखं खायचं नाही पटत.

सिस्टर_गुहागर:
चिपळूणकर, तुमच्या वडिलांचं चांगलंच झालं, पण एक गोष्ट कळकळीने सांगते. डायबेटीसच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन अशी असतात की त्या घेऊन जेवण चुकवलं की साखर धाडकन खाली येते. आमच्याकडे एका काकांना घाम फुटून चक्कर आलेल्या अवस्थेत रिक्षातून आणलं होतं. कोणाचं तरी व्हॉट्सअॅप वाचून स्वतःच दोन वेळा जेवण चालू केलेलं, गोळी मात्र तीच. डॉक्टरांना विचारून गोळ्या बदलून घ्या, मगच करा.

एसटीतली_नोकरी:
पेज आणि भाकरी म्हणणाऱ्यांनी सकाळी साडेपाचची गाडी पकडून बघावी. मी खेडहून रोज जाते, ओट्स आणि शुगर फ्री नसतं तर वडापावच खाल्ला असता. सगळी पाकिटं वाईट कशी?

कर्लीकाठ:
साधे ओट्स असतील तर माझं काहीच म्हणणं नाही, मसालावाल्यातलं मीठ मात्र बघा. शुगर फ्रीचं ऐका. नियमाप्रमाणे 100 ग्रॅममधे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसली की तसं लिहिता येतं, तुपाचा आणि काजूचा हिशोब त्यात नाहीच, म्हणून शुगर फ्री लाडू मोकळ्या हाताने खाऊ नका. चहात टाकायच्या शुगर फ्री गोळीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनेच 2023 मधे सांगितलं की वजन कमी करण्यासाठी या गोडव्यांवर विसंबू नका (ज्यांना आधीच डायबेटीस आहे त्यांना हा सल्ला लागू नाही). त्यापेक्षा रात्री नाचणीची भाकरी करून डब्यात घाला, सकाळी कापडात गुंडाळलेली मऊ राहते, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि सिस्टर, खोबऱ्याचं तुमचं मान्य. मी ताटाकडे बघितलंच नव्हतं, फक्त पाकिटाकडे बघत होते. आईकडे आता वाटपाला अर्धीच कवड असं ठरवलंय, बाबा कुरकुरतायत.

देवगडचा_बाबू:
भात मी परत चालू करणार नाही, ते माझं नक्की. पण सोलकढीवाचून जेवल्यासारखं वाटत नाही. नारळाचा रस न घालता फुटी कढी केली तर चालते ना?

सिस्टर_गुहागर:
चालते की, रोज प्या. फक्त बीपी असेल तर मीठ बेताने घाला, आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) ते आधीच भरपूर असतं.