झाग्रेबचं ब्रेकअप म्युझियम, आईला नेऊ का?

गिरगावचा_पोरगा: मे मध्ये क्रोएशियाला चाललोय, सोबत आई पण आहे. झाग्रेबला एकच दिवस मिळतोय आणि बायकोला ते तुटलेल्या नात्यांचं म्युझियम बघायचंच आहे, मी म्हटलं परक्यांचे ब्रेकअप तिकीट काढून कशाला, विरार लोकलमध्ये फुकट ऐकू येतात की! कोणी गेलंय का, आई कंटाळेल का?

भटकी_मुलुंडकर: बिनधास्त न्या. छोटंसंच आहे, पण वाचायची तयारी पाहिजे कारण लोकांनी दिलेल्या ब्रेकअपच्या आठवणीतल्या वस्तू साध्याच असतात, खरी गंमत शेजारच्या मजकुरात. जोडीदार सोडून गेल्यावर त्या व्यक्तीचं फर्निचर ज्या कुऱ्हाडीने फोडलं ती बर्लिनची कुऱ्हाड आहे तिथली फेमस, आणि कोणीतरी घर सोडताना सूड म्हणून टोस्टर उचलून नेलेला, तो पण :) देणाऱ्यांची नावं नसतात. आईला वाचून दाखवावं लागेल मात्र.

कांदेपोहे_फॅन: ज्यांनी काढलं ना, ओलिंका विश्तित्सा आणि द्राजेन ग्रुबिशिच, ते स्वतःच एक्स आहेत. २००३ च्या आसपास ब्रेकअप, मग सामानाचं काय करायचं यातून आयडिया, २००६ ला पहिलं प्रदर्शन, २०१० पासून कायमची जागा. आपल्याकडे एक्सला ब्लॉक करतात, हे दोघं म्युझियमचे पार्टनर झाले, कमाल आहे.

गिरगावचा_पोरगा: आईला टोस्टरचं सांगितलं, आता तीच मागे लागलीये. व्हिसा शेंगेनचाच (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एक असतो तो) चालतो ना?

भटकी_मुलुंडकर: हो, २०२३ पासून. युरोच न्या, तिथलं जुनं चलन कुना बंद झालं.