हौशी बुद्धिबळाला 'टाइमपास' म्हणायचं का?

प्यादं_साडेचार

गेल्या रविवारी क्लबात एकानं तोंडावर सुनावलं, "वीस वर्षं खेळतोयस आणि हाईस तिथंच हाईस. ह्याला टाइमपास म्हणतात, बुद्धिबळ नव्हे." ते काही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

मी कोल्हापूरचा. वय ४६, उद्यमनगरात लेथवर काम. गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी तालमीच्या माडीवर आमचा क्लब भरतो. खाली जोर-बैठका, वर घड्याळाच्या टपल्या. शेवटची रेटिंग स्पर्धा खेळलो त्याला दोन वर्षं झाली. माझं रेटिंग (म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा) १५२०, समोर नऊ वर्षांचं पोरगं, १४२०. खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते त्याचे. हरलो. माझे १३ गुण गेले, त्याचे २६ वाढले, कारण गुण किती वरखाली व्हायचे ते ठरवणारा गुणक अठराच्या आतल्या पोरांना ४० आणि आम्हाला २०. पोराचं कौतुकच आहे. पण अख्खा दिवस पटाऐवजी आकडा बघत होतो, हे परत येताना कावळा नाक्यावर लक्षात आलं. तेव्हापासून स्पर्धा बंद.

आता परवाचा डाव सांगतो. समोर आमचे टेलरकाका. त्यांच्याकडं राजा, हत्ती आणि पुढं आलेलं एक प्यादं. माझ्याकडं राजा आणि हत्ती, बास. राजा प्याद्याच्या वाटेत होता तेवढाच आधार. कुठून सुचलं कोण जाणे, पण हत्ती माझ्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत आडवा लावला आणि नुसता डावीकडं-उजवीकडं हलवत बसलो. काकांचा राजा पुढं येईना. शेवटी वैतागून त्यांनी प्यादं त्याच ओळीत सरकवलं. तसा माझा हत्ती थेट पटाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मागून शह, शह, शह. प्यादंच पुढं गेल्यावर राजानं लपायचं कुणामागं? बरोबरी! काकांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "मर्दा, बेतलेलं कापड उसवलंस की."

दुसऱ्या दिवशी चकात जॉब बांधतानाही तो हत्ती डोळ्यापुढं. ह्याला टाइमपास म्हणायचं?

रांगडा_वजीर

स्पष्ट बोलतो, राग नको. तुम्हाला 'कुठून सुचलं कोण जाणे' वाटतंय ती फिलिडोरची बचावस्थिती आहे. त्या फ्रेंच माणसानं १७७७ साली छापून ठेवलंय. वीस वर्षांत हत्तीचे असे किती शेवट हातातून घालवले असतील, मोजा. रोज पंधरा मिनिटं पुस्तक उघडलं असतं तर निम्मे तरी वाचले असते.

तुमच्याच माडीखाली पैलवान रोज घाम गाळतो, तेव्हा कुठं खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायची हिंमत करतो. तुम्ही वर चहा पीत कुस्तीचा आनंद सांगताय. आणि मार्च २०२४ पासून फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, रेटिंगची यादीच १४०० पासून सुरू होते. म्हणजे तुमचं १५२० धरलं तरी तळापासून १२० वर. आकडा नको म्हणायला आधी आकडा मिळवावा लागतो, भावा.

सांगलीकर_घोडा

वजीरराव, तालमीत जाणारा प्रत्येक जण खासबागेसाठी जातो होय? निम्मे लोक अंग मोकळं करायलाच येतात, आणि त्यांच्यामुळंच तालीम उघडी राहते. आमच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, ते काय फक्त पहिल्या नंबरवाल्यांच्या जिवावर चाललं? पट मांडणारं, घड्याळं लावणारं, हरून परत दुसऱ्या दिवशी येणारं माणूस लागतं. (बुद्धिबळात कोल्हापूरकरांनी सांगलीकडून शिकायचंच असतं, ते वेगळं.)

रात्री_बारा

माडी, चहा, टेलरकाका... छान आहे, पण हे सगळं आठवणीतलं. मी मोबाइलवर तीन मिनिटांचे डाव खेळतो, रात्रीत चाळीस.

घरची_बाजू

@रात्री_बारा, त्या चाळिसातला एक तरी सकाळी आठवतो का? आमच्याकडंही एक असंच आहे. पांढऱ्या रश्श्याच्या वाटीत पाणी ओतलं परवा, डोळे उघडे असून. विचारलं तर म्हणे घोडा अडकलाय.

लेकीची_आई

मी राजारामपुरीतून. मुलगी दहा वर्षांची. आधी प्यादेमात (प्याद्यानं राजाला मात) झाली की खिदळायची, कुणी कुणाला केली तरी. आता हरली की गाडीत मागं बसून रडते, कारण रेटिंग. प्रवेश फी, कोच, दर महिन्याला कुठलं तरी गाव. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आम्ही घरात नाचलो होतो. त्यानंतर मात्र पाहुणे येतील ते "हिचं कधी?" एवढंच विचारतात.

प्यादं_साडेचार, तुमचं पटतंय. पण तुमच्या माडीवर मुली आहेत का? नसतील तर हा आनंद पण फक्त पुरुषांनी संध्याकाळी घरातून सुटून मिळवायचा, असंच झालं.

रांगडा_वजीर

ताई, बरोबर जागी शह दिलात. पण लेकीला तिथं पाठवाल तर शिकवणार कोण? आवडीनं चुकीचं खेळायची सवय लागली की मोडायला वर्षं जातात. रडणं वाईट नाही. मीपण रडलोय.

प्यादं_साडेचार

ताई, नाहीत. एकही मुलगी नाही, आणि तुम्ही विचारेपर्यंत ते आम्हाला खटकलंसुद्धा नाही. काल क्लबात विषय काढला. दोघं-तिघं जिना अरुंद आहे, उशीर होतो असलं काहीबाही बोलले. टेलरकाका म्हणाले, "पोरगीला आण म्हणावं गुरुवारी. पण टच मूव्ह. हात लावला की तीच सोंगटी, रडली तरी." साडेसहाला या. जिना खरंच अरुंद आहे.

वजीर, तुमचा फिलिडोर बघितला. शनिवारी रात्री दोन तास पट मांडून बसलो, मंडळी झोपून गेली. मजा आली हे कबूल. स्पर्धेला मात्र अजून बसणार नाही.

रविवारी काकांबरोबर मुद्दाम तसाच शेवट गाठला. हत्ती तिसऱ्या ओळीत लावून वाट बघत बसलो. काका काही प्यादं सरकवेनात. चष्म्यावरून बघत नुसते हसत होते. त्यांनीपण हा धागा वाचलाय बहुतेक.