शब्दचर्चा : अफवा, अपप्रचार, चिथावणी आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

प्रश्न

सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. आमच्याकडील वादविवाद स्पर्धेसाठी विषय ठरला आहे : ‘खोट्या बातम्यांना आळा घालण्यासाठी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अधिक निर्बंध हवेत.’ विषयपत्रिका लिहिताना मात्र मी शब्दांपाशीच अडले आहे. विद्यार्थी सर्रास ‘फेक न्यूज’ म्हणतात. वर्तमानपत्रांत ‘चुकीची माहिती’, ‘दिशाभूल करणारी माहिती’, ‘अपमाहिती’ हे शब्द आलटूनपालटून येतात. आणि घरची वडीलधारी माणसे या सगळ्याला ‘अफवा’ म्हणतात. यांत नेमका फरक कोणता? शिवाय ‘निर्बंध’ म्हणावे, ‘मर्यादा’ म्हणावे की ‘बंदी’, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

मॅडम, हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. ते तसे वापरले गेले, तर तुमच्या स्पर्धेत दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत राहतील.

‘अफवा’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत ‘अफवाह’ म्हणजे ‘तोंडे’. सांगणाऱ्याच्या हेतूविषयी हा शब्द काहीच बोलत नाही, तो एका तोंडातून दुसऱ्या तोंडी जाणे एवढेच दाखवतो. ‘वदंता’ आणि ‘बोलवा’ त्याच्या जवळचे आहेत, पण वदंता पुढे खरीही ठरू शकते. ‘आवई’ आणि ‘हूल’ यांच्यापाशी आले की अर्थ बदलू लागतो, कारण आवई नुसती उठत नाही, ती उठवलीही जाते. कंड्या पिकवल्या जातात, वावड्या उडवल्या जातात आणि कुभांड तर रचलेच जाते. मराठीने हेतूचा भेद नामापेक्षा क्रियापदात अधिक जपला आहे, असे मला वाटते : अफवा ‘पसरते’, आवई ‘उठवतात’, कुभांड ‘रचतात’. पसरणाऱ्या गोष्टीला कर्ता असेलच असे नाही, रचलेल्या गोष्टीला मात्र तो असतोच, आणि तो शोधून काढता येतो.

‘अपमाहिती’ हा शब्द ‘अपसमज’ आणि ‘अपप्रचार’ यांच्या धर्तीवर घडवलेला आहे आणि घडण म्हणून निर्दोष आहे. त्यातून सांगणाऱ्याला खरे काय ते ठाऊक होते की नव्हते, हे मात्र कळत नाही. म्हणून नकळत पुढे गेलेल्या गोष्टीस ‘चुकीची माहिती’ आणि जाणीवपूर्वक, पद्धतशीरपणे पसरवलेल्या गोष्टीस ‘अपप्रचार’ म्हणावे, असे मी सुचवतो. ‘खोटी बातमी’ शक्यतो टाळावे, कारण नावडत्या बातमीलाही हल्ली हेच विशेषण सहज लावले जाते.

हा भेद काथ्याकूट नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते आणि त्यांतील बहुतेक आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. अशी अफवा ज्या हातांनी पुढे जाते, त्यांतील कितीतरी हात मुलांच्या काळजीने घाबरलेल्या आईबापांचे असतात. कुणी मुद्दाम बनावट चित्रफीत तयार करतो, ते कृत्य वेगळे. ‘यांना सोडू नका’ असे ओरडून जमावाला पुढे लोटतो, त्याचे कृत्य त्याहून वेगळे. पहिल्यापाशी चूक आहे, दुसऱ्यापाशी कपट आहे आणि तिसऱ्यापाशी चिथावणी आहे. तिघांनाही ‘फेक न्यूज पसरवणारे’ म्हटले, तर एकतर घाबरलेल्या बापाला गुन्हेगार ठरवावे लागते किंवा चिथावणाऱ्याला त्याच्या आडोशाने सुटू द्यावे लागते, आणि मला या दोन्ही गोष्टी अन्यायाच्या वाटतात.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. त्यात कोणते वाक्य खरे आणि कोणते खोटे याचा निवाडा नव्हता; तोंडातून तोंडात जाण्याचा वेग तेवढा कमी केला होता. ‘मर्यादा’ हा शब्द येथे चपखल बसतो.

प्रतिसाद

थोडी भर घालतो. शहराच्या पूर्व भागातील आमच्या तेलुगू घरांत अफवेला ‘पुकारु’ म्हणतात. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्यांत ‘गाळिसुद्दी’ हा शब्द आहे. ‘गाळि’ म्हणजे वारा आणि ‘सुद्दी’ म्हणजे बातमी. मॅडमच्या वर्गात या दोन्ही भाषा बोलणारी मुले असतीलच, त्यांना हे शब्द अवश्य विचारावेत.

प्रतिसाद

मी वकिली करतो, म्हणून ‘निर्बंध’ या शब्दाविषयी लिहितो. तो राज्यघटनेच्या परिभाषेतला आहे आणि तेथे ‘वाजवी’ या विशेषणासह येतो. अनुच्छेद १९(२) मध्ये अशा निर्बंधांची कारणे मोजून दिली आहेत : देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अथवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधाची चिथावणी. या यादीत ‘असत्य’ नाही. एखादे विधान केवळ खोटे आहे म्हणून त्यावर निर्बंध घालता येत नाही, त्याचा संबंध यांपैकी एखाद्या कारणाशी दाखवावा लागतो. २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार (म्हणजे समर्थन) आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या मानल्या आणि निर्बंधाचा प्रश्न तिसऱ्या पायरीवरच येतो, असे स्पष्ट केले.

शब्द सैल असले तर काय होते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ आहे हे सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवावे, असा नियम २०२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी तो घटनाबाह्य ठरवला. हे शब्द संदिग्ध असून त्यांची व्याख्याच केलेली नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

‘बंदी’ हा शब्द मात्र विषयपत्रिकेत नको. स्वातंत्र्यलढ्यात मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागू झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात आपले चार हुतात्मे फाशी गेले. त्यांतील कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत असत. या गावात ‘बंदी’ म्हटले, की त्या दिवसांचीच आठवण निघेल आणि चर्चा वेगळ्याच दिशेने जाईल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. विषय आता असा लिहीत आहे : ‘जाणूनबुजून केलेल्या अपप्रचारास आळा घालण्यासाठी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अधिक निर्बंध हवेत.’ ‘जाणूनबुजून’ऐवजी ‘हेतुपुरस्सर’ अधिक शोभेल का?

प्रतिसाद

मॅडम, ‘जाणूनबुजून’च ठेवा. आपण सांगतो ते खोटे आहे याची जाणीव त्यातून कळते. ‘हेतुपुरस्सर’मधून नुकसान करण्याचा इरादा कळतो. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये जुन्या संहितेच्या कलम ५०५ मधील ‘विधान, अफवा किंवा वृत्त’ यांच्या जोडीला ‘खोटी माहिती’ हे शब्द नव्याने आले आहेत. मात्र, ती खरी मानण्यास वाजवी आधार असलेल्या आणि दुष्ट इराद्याविना, सद्भावनेने ती सांगणाऱ्या माणसाला त्याच कलमात अपवाद दिलेला आहे. जाणीव आणि इरादा हे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले, तर दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना बोलण्यासाठी पुरेशी जागा राहील.