‘मी डोळ्यांनी बघितलंय!’ : मन चकवतं तेव्हाचे अनुभव

कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर वाद मिटवायचं हुकमी वाक्य एकच : ‘मी स्वतः बघितलंय.’ मानसशास्त्र शिकवताना माझा जीव याच वाक्यात अडकतो. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. मनापासून चुकीचं आठवणाऱ्याला तेही ठाऊक नसतं. तुमच्या घरात, गल्लीत असं काही घडलं असेल तर लिहा. निष्कर्ष नकोत, प्रसंग हवेत. खाली आलेले तीन प्रसंग, प्रत्येकाखाली माझी टीप.

मंगळवार पेठेतून

शाहू स्टेडियमवरचा सामना, शेवटची मिनिटं. आमचा फॉरवर्ड गोलसमोर पडला आणि पंचांनी पेनल्टी दिली नाही. आमच्या अख्ख्या गॅलरीला घातलेला पाय स्वच्छ दिसला. माझा मेहुणा पलीकडच्या पेठेतला. त्याला आमचा पोरगा आपणहून पडलेला दिसला. रात्री जेवताना मोबाइलवर क्लिप आली, वाटलं आता मिटलं. थांबवून थांबवून बघितली. डिफेंडरचा बूट, उडालेली माती, मुरडलेला घोटा. मेहुणा म्हणतो, ‘बघा दाजी, बूट चेंडूलाच लागलाय.’ मी त्याच चित्रावर बोट ठेवून म्हणतोय, ‘अरे, घोट्याला!’ ताटं उचलली गेली तरी आमचं चालूच. तो मुद्दाम वाद घालत नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

> १९५१ मध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांचा असाच धसमुसळा सामना झाला, अमेरिकन फुटबॉलचा. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला लावले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे सरासरी ९.८ दिसले, डार्टमथच्या मुलांना आपल्याच संघाचे ४.३. फिल्म तीच होती, बघणाऱ्यांचा गाव वेगळा.

राजारामपुरीतून

आई आणि मावशीचं सांगते. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे चारनंतरची वेळ. आजोबांनी एका मुलीला वाकळेसकट उचलून अंगणात आणलं, दुसरी आजीचा पदर धरून चालत आली. उचललेली कोण? आईला आजोबांच्या खांद्याचा तंबाखूचा वास आठवतो. मावशीलाही तोच. आजी होती तोवर दोघी तिच्याकडे न्याय मागायच्या. ती म्हणायची, ‘मला नुसती फळीवरची भांडी वाजलेली आठवतात गं.’

> जुळ्या भावंडांत ‘ते माझ्या बाबतीत घडलं’ असे वाद सर्रास सापडतात, असं २००१ च्या एका अभ्यासात दिसलं. वासापर्यंतचे बारकावे असले म्हणून आठवण आपलीच ठरत नाही.

बापट कॅम्पातून

आमच्या नात्यातल्या कुंभारांचं इथं गणपतीचं शेड आहे. भिंतीवर २००५ च्या पुराची खूण, लाल ऑइलपेंटची रेघ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढायला लागली तेव्हा सगळ्यांनी रात्रभर राबून रेघेच्या वीतभर वर फळ्या ठोकल्या आणि मूर्ती त्यांवर चढवल्या. टेम्पो मिळत होता, उंचावर जागाही मिळत होती. पण रेघ होती ना! मागं पाणी कुठवर आलं एवढंच ती सांगत होती. सगळ्यांनी ती पाण्याची हद्द समजली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. डोळे आखायचे राहिलेल्या मूर्तींचा लगदा झाला.

मला खरा चटका पुढं बसला. त्याच घरातले थोरले आता सांगतात, ‘मला तेव्हाच वाटलं होतं, यंदा पाणी रेघेवर थांबत नाही.’ अगदी मनापासून सांगतात. फळ्यांची उंची त्यांनीच ठरवली होती आणि खिळ्यांचा डबा धरून मी खाली उभा होतो.

> १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि रशिया दौऱ्यांआधी फिशहॉफ आणि बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून कशाची किती शक्यता वाटते ते लिहून घेतलं. दौऱ्यांनंतर तेच आकडे आठवायला सांगितले. जे घडलं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं बहुतेकांना आठवलं. हे उघडं पडलं, कारण जुने कागद जपून ठेवलेले होते. तुमच्या थोरल्यांना दोष देऊ नका, पण येत्या जूनमध्ये शेडमधल्या प्रत्येकाकडून पाणी कुठवर येईल ते तारखेसह लिहून घ्या, आणि टेम्पोवाल्याला कुठल्या फुटाला फोन करायचा तेही त्याच कागदावर.