तीन मजली रॅकवर हायड्रोपोनिक ट्रे: खालचा ओसंडतो, वरचा भरतच नाही

परसदार_फोंडा

नमस्कार मंडळी. मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यावर (हायड्रोपोनिक) भाजी घ्यायला मागच्या पडवीत स्लॉटेड अँगलचा तीन कप्प्यांचा रॅक उभा केला आहे. प्रत्येक कप्प्यावर १२० × ६० सेंमीचा काळा ट्रे, काठ १० सेंमी उंच. ट्रेचे तळ जमिनीपासून ४०, ९५ आणि १५० सेंमीवर. खाली ८० लिटरचा ड्रम, त्यात कूलरचा १८ वॅटचा पंप. खोक्यावर हेड १.८ मीटर लिहिलं आहे. पंपातून अर्ध्या इंचाचा एकच पाइप वर जातो आणि टी लावून तिन्ही ट्रेंच्या तळाला जोडला आहे. पंप थांबला की पाणी त्याच वाटेने परत यावं असा हिशोब. जादा पाण्यासाठी प्रत्येक ट्रेला ५ सेंमीवर अर्ध्या इंचाची नळी आहे.

प्रत्यक्षात पाचेक मिनिटांत खालचा ट्रे काठावरून सांडू लागतो, मधला जेमतेम भरतो आणि वरच्यात बोटभर पाणी. पंप बंद केल्यावर खालच्यात पाणी आणखी चढतं, हे तर कळतच नाही. मोठा पंप घेऊन भागेल का? लावायची आहे तांबडी भाजी (लाल माठ), पालक, कोथिंबीर, थंडीत लेट्यूस. नेट पॉटमध्ये, म्हणजे रोपाच्या जाळीदार कुंडीत, काय भरावं तेही सांगा. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) बारीक खडी घरीच पडून आहे, ती चालेल का?

नळजोडणी_म्हापसा

नुसता पंप बदलून भागणार नाही, जोडणीच बदलावी लागेल.

खोक्यावरचं १.८ मीटर म्हणजे ज्या उंचीवर पंपातून थेंबही बाहेर पडत नाही ती उंची. आणि हेड मोजायचं ते ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपासून. ट्रे भरत जातात तशी ती पातळी खाली जाते, म्हणजे पंपाचं काम दर मिनिटाला अवघड होत जातं. तुमच्या वरच्या ट्रेपर्यंत दीड मीटरच्या आसपास चढ आहे, शिवाय एल्बो आणि टीमधलं घर्षण. एकाच पाइपवर तीन वाटा असल्या की पाणी सर्वांत खालची धरणार. पंप थांबल्यावर वरच्या ट्रेचं पाणी त्याच पाइपने उतरतं. पंपाच्या पंख्यातून मागे जाण्यापेक्षा खालच्या टीमधून ट्रेमध्ये शिरणं त्याला सोपं, म्हणून तिथली पातळी चढते. अर्ध्या इंचाची नळी तेवढं पाणी खेचू शकत नाही, त्यात मुळाचं एखादं झुबकं अडकलं की संपलंच.

दुसरी चूक आकड्यांची. १२० × ६० च्या ट्रेमध्ये ५ सेंमी पाणी म्हणजे ३६ लिटर. तीन ट्रेंचे १०८. पॉटांनी व्यापलेली जागा वजा केली तरी ८० लिटरच्या ड्रममधून हे निघत नाही, आणि पंप कोरडा पडला की जळतो.

तेव्हा पाणी पायऱ्यांनी उतरवा. पंपाचा पाइप फक्त वरच्या ट्रेच्या काठावरून आत सोडा, टोक पाण्यात बुडवू नका. बुडालं तर पंप थांबल्यावर तेच टोक सायफन होऊन ट्रे ओढून घेतं. वरच्यातलं जादा पाणी मधल्यात, मधल्यातलं खालच्यात, खालच्यातलं ड्रममध्ये. प्रत्येक ट्रेला १ इंची पीव्हीसी टाकी निपल (तळाच्या भोकात बसणारा, नट-वॉशरचा नळीजोड) बसवा आणि त्यात ३ सेंमी उंचीची उभी नळी नुसती दाबून ठेवा, चिकटवू नका, म्हणजे ट्रे धुताना उपसून काढता येते. रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, नट खालून. नट हाताने घट्ट करून वर पान्याने पाव फेरा, त्यापुढे गेलात तर ट्रेला तडा जातो. पितळी किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंडी) फिटिंग नको: खतांच्या पाण्यात तांबं आणि जस्त विरघळतं आणि दोन्ही जास्त झाली की मुळांना मारक ठरतात.

ट्रे पूर्ण रिकामा व्हावा म्हणून उभ्या नळीच्या अगदी बुडाशी भोक पाडा. वरच्या ट्रेच्या नळीला ८ मिमी, मधल्याला १०, खालच्याला १२. खालच्या भोकातून तिन्ही ट्रेंचं पाणी जायचं असतं, म्हणून ते मोठं. सगळी ८ मिमीची ठेवलीत तर वरचा ट्रे अर्ध्या तासात सुकतो आणि खालची मुळं तासाहून जास्त बुडून राहतात. नळीभोवती जाड जाळीचं कडं ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कचरा भोकात बसेल.

३ सेंमी पाण्याचा हिशोब असा: एका ट्रेमध्ये पॉट धरून साधारण १८ लिटर, तिन्हींत ५४. ८० मधून २५ लिटर ड्रममध्ये उरतात, पंप बुडालेला राहतो. ५ सेंमीच्या नेट पॉटला ३ सेंमी पाणी पुरतं. ड्रमवर पातळीची रेघ मारा, पण सगळे ट्रे रिकामे असताना. चालू पंपावर मारलेल्या रेघेपर्यंत पाणी घातलंत तर वीज गेली की तेच जमिनीवर येतं.

पंप ४० वॅटचा, ३ मीटर हेडचा घ्या. लावल्यावर वरच्या उंचीला बादली धरून मोजा: मिनिटाला ८ ते १० लिटर मिळाले तर सात-आठ मिनिटांत तिन्ही ट्रे भरतात. म्हणून १५ मिनिटांच्या खुंट्यांचा साधा टायमरही चालतो. पण आपल्याकडे पावसात वीज जाते तेवढ्या वेळा तो मागे पडतो; बॅटरीवाला डिजिटल घेतलेला बरा.

आता रॅक. बादलीभर पाण्यावर अंदाज बांधू नका, निचरा तुंबेल तेव्हाचं वजन धरा. ट्रे काठोकाठ भरला तर ७२ किलो. प्रत्येक कप्प्याखाली मधोमध आडवा अँगल हवाच. फळी मध्ये वाकली की पाणी तिथेच साचतं, मग उतार दिलेला असो वा नसो. उतार निचऱ्याच्या बाजूला १२० सेंमीत १ सेंमी, आडव्या बाजूला पाणसळ लावून सपाट. कापलेल्या कडांना आधी रेड ऑक्साइड, मग इनॅमल. खारं वारं आणि खताचे थेंब दोन्ही मिळून कडेपासूनच गंज धरतात. रॅक भिंतीला बांधा, मात्र चिऱ्यात साधा छोटा प्लग धरत नाही, लांब अँकर घाला.

खतपाणी_डिचोली

परसदारबाब, चिऱ्याची खडी नको. तिच्यातली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात. तुम्ही पाण्यात घातलेला फॉस्फरस खडीत जातो, झाडाला मिळत नाही. पानं गडद, जांभळट आणि वाढ खुंटलेली दिसते. शिवाय खडीची पूड पंपात जाते ती वेगळीच. भाजलेल्या मातीचे गोळे घ्या, आधी दोनतीनदा धुऊन लाल गाळ काढा. कोकोपीट वापरायचंच असेल तर निथळलेल्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, mS/cm मध्ये) ०.५ च्या खाली येईपर्यंत धुवा, मग एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून पुन्हा निथळा. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचं (नारळाच्या सालाचं) पीट खारट असतं, त्याला जास्त धुणं लागतं. आणि ते पॉटमध्ये कापडी अस्तर घालूनच भरा.

खत. १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेल्या खताची) पुडी ड्रममध्ये टाकू नका. तिच्यातला बराच नायट्रोजन युरियाचा असतो आणि मातीतल्या जिवाणूंशिवाय तो झाडाला नीट लागत नाही. कॅल्शियम तर त्यात नसतोच. पालेभाजीसाठी १०० लिटरला हे प्रमाण:

पहिली बादली: कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम, लोह ईडीटीए १२ टक्के २ ग्रॅम.
दुसरी बादली: पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५ हे ४० ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ०:५२:३४ हे १४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, आणि बोरॉन, मँगनीज, जस्त, तांबं, मॉलिब्डेनम असलेलं हायड्रोपोनिकचं सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणात.

तुमच्या ड्रमला हे सगळं ०.८ ने गुणा. फळझाडांवर फवारायचं सूक्ष्म मिश्रण इथे नको, त्यात बऱ्याचदा जस्त लोहाहून जास्त असतं. दोन्ही बादल्या वेगळ्या विरघळवायच्या. ड्रम पाण्याने जवळजवळ भरून पहिली ओता, ढवळा, मग दुसरी. घट्ट असताना एकत्र केल्या तर कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटशी मिळून पांढरा ढग बनतो आणि तळाला बसतो. तो पुन्हा विरघळत नाही, ते पाणी केळीला घालून नव्याने करा.

या मिश्रणाची ईसी १.५ च्या आसपास येते, त्यात तुमच्या मूळ पाण्याची मिळवा. लेट्यूस-कोथिंबिरीला १.२ ते १.८ ठीक, पालकाला २ पर्यंत चालते. चिऱ्याच्या भागातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असतं. खत घालायला हे चांगलं, पण असं पाणी पीएच धरून ठेवत नाही. झाड नायट्रेट उचलतं तसा पीएच वर सरकतो, दोन दिवसांत ६ वरून ७ होऊ शकतो. ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. फॉस्फोरिक ॲसिड आधी दहापट पातळ करून थोडं थोडं घाला, कारण मऊ पाण्यात एक टोपण जास्त झालं तरी पीएच ४ वर कोसळतो. पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडवर पाणी नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खाऱ्या होतात. तेव्हा मूळ पाण्याचीच ईसी ०.५ च्या वर गेली असेल तर नळाचं वापरा.

रोज बघायचं ते एवढंच: ईसी चढली तर झाडं पाणी जास्त पितायत, साधं पाणी घाला. उतरली तर खत घाला. दोन आठवड्यांनी ड्रम पूर्ण बदला, जुनं पाणी माडाच्या आळ्यात.

हिरवी_पडवी

उजेड आणि उष्णतेबद्दल कोणी बोललं नाही, आणि गोव्यात बरेच रॅक तिथेच फसतात.

पडवीत उजेड एका बाजूने येतो, मधल्या आणि खालच्या कप्प्याला तो पुरत नाही. जुलैत तर वरच्यालाही नाही. ४ फुटी २० वॅटच्या ६५०० केल्विनच्या एलईडी बॅटन एका ट्रेला चार लावल्या तर तांबडी भाजी, कोथिंबीर निघते. लेट्यूसला सहा हव्यात, पानांपासून २०–२५ सेंमीवर. सहा दिवे १६ तास म्हणजे एका कप्प्याला दिवसाला १.९२ युनिट, बिलाचा हिशोब आधीच करा. कोथिंबिरीला एकूण १२ तासांहून जास्त उजेड देऊ नका, उष्णता आणि लांब दिवस मिळून ती तुऱ्यावर येते. दिवे आयपी६५ चेच, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे, घ्या, उघड्या बॅटनचा ड्रायव्हर पावसाळी दमटपणात हिरवा पडतो.

दिवे वरच्या ट्रेच्या बुडाला चिकटवू नका. मध्ये तीन-चार सेंमी हवा खेळू द्या, नाहीतर खालच्या दिव्यांनी वरची मुळं शिजतात. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५. आकडा किरकोळ वाटतो, पण गरम पाण्यात मुळांना ऑक्सिजन लागतोही जास्त, आणि पिथियम ही मुळं कुजवणारी बुरशी नेमकी तेव्हाच जोर धरते. ओळखायची खूण: एक मूळ चिमटीत धरून हळू ओढा. निरोगी मूळ पांढरं आणि ताठ असतं. कुजलेल्याची तपकिरी साल मोज्यासारखी बोटात निघून येते आणि आत केसाएवढा दोरा उरतो. असं दिसलं तर औषध शोधू नका. झाडं काढा, पाणी फेका, ट्रे-नळ्या ब्लीचने धुवा: घरगुती ब्लीच लिटरला १० मिलि, अर्धा तास, मग खळखळून पाणी.

ड्रम सावलीत ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. २ लिटरची गोठवलेली बाटली ८० लिटर पाणी साधारण अडीच अंश उतरवते. मेमध्ये दुपारी दोन बाटल्या. एवढं करूनही मार्च ते मे लेट्यूस कडू होतं आणि तुरा धरतं. ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. उन्हाळ्या-पावसाळ्यात तांबडी भाजी आणि कलमी भाजी, दोघींना उष्णता मानवते.

पावसात हवा दमट असली की पानातून पाणी उडत नाही, कॅल्शियम कोवळ्या पानापर्यंत पोचत नाही आणि कडा करपतात. तेव्हा खत वाढवू नका, छोटा पंखा पानं हलतील इतपत चालू ठेवा.

परसदार_फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. उभी नळी ३ सेंमी आणि ८-१०-१२ ची भोकं, हे उद्याच करतो. दोन शंका. ड्रम निळा आणि अर्धपारदर्शक आहे, चालेल ना? आणि गोळ्यांमध्ये दिवसातून किती वेळा पाणी सोडायचं?

नळजोडणी_म्हापसा

उजेड आत गेला की शेवाळ येणार. बाहेरून आधी काळा रंग, त्यावर पांढरा: काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. पातळी दिसायला एक उभी पट्टी रंगवू नका, तिच्यावर काळी टेप लावा आणि लागेल तेव्हा उचला. झाकण घट्ट हवं, पाइप जातात तिथली फट बारीक जाळीने बंद करा. डास पाइपभोवतीच्या बोटभर फटीतून आत जाऊन अंडी घालतात, आणि तपासणीला आलेले आरोग्य कर्मचारी पहिल्यांदा ड्रमच उघडतात. परत येणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या वीतभर वर ठेवा, पडणाऱ्या पाण्यातून हवा मिसळते.

गोळ्यांत दिवसा चार वेळा, एप्रिल-मेमध्ये सहा आणि रात्री एक. रोपं लहान आणि मुळं पॉटच्या बाहेर आली नसतील तोवर एखादी फेरी जास्त.

आणि मुख्य गोष्ट विजेची, तुम्ही विचारली नाहीत तरी. कूलरचे पंप खताच्या पाण्यात कधी ना कधी सील सोडतात आणि ड्रममध्ये करंट उतरू शकतो. या सॉकेटला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) लावा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. सॉकेट ड्रमच्या वर नको, बाजूच्या भिंतीवर. वायर सॉकेटच्या खाली झोळवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली ठिबकतं, प्लगमध्ये जात नाही. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. ते दाबूनही ट्रिप झालं नाही, तर बदलेपर्यंत ड्रममध्ये हात घालण्याआधी प्लग काढा.