पुरात रस्ता बंद, रविवारची ख्रिस्ती उपासना घरी चालते का?

धारणीकडचं गाव आहे. नाल्याला पूर आला की रस्ता बंद. घरीच प्रार्थना केली तर चालते का?

– कॅथलिक असाल तर रविवारचा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बंधनकारक. शनिवार संध्याकाळचाही धरतात. गंभीर अडचणीत सूट आहे. चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन १२४८, तेव्हा वचन-उपासना (बायबलवाचन आणि प्रार्थना) किंवा कुटुंबासोबत प्रार्थना सुचवतो.

– प्रॉटेस्टंटांत असा कायदा नाही, पण बायबलमधलं इब्री १०:२५ एकत्र जमणं सोडू नका म्हणतं. शेजारची दोन घरं बोलवा. गीत, स्तोत्र, शुभवर्तमानाचा उतारा, मध्यस्थीची (इतरांसाठीची) प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. पाऊण तास पुरे. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) मात्र पाळक (मंडळीचे धर्मगुरू) येईपर्यंत थांबवा, बहुतेक मंडळ्यांत तोच नियम.

– मोबाईलवरच्या उपासनेच्या भरवशावर राहू नका भाऊ, लाईन गेली की टॉवरही जातो. बायबलची वाचनं शनिवारीच वहीत उतरवा.